बहात्तर तास आणि तीन आठवडे

२३ सप्टेंबर, सोमवार

सायंकाळी सात वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या खोलीतला भाडेकरू सुजित कंपनीतून आला. गाडी लावली, हेल्मेट न काढता तसाच खोलीत शिरला. हातात औषधाच्या दुकानाची कागदी पुडी. दार लागले.

वेळ लिहिण्याची सवय कोतवालीतली. नोटीस किती वाजता बजावली, कोणासमक्ष बजावली, हे लिहिल्याखेरीज काम पुरे होत नसे. चौतीस वर्षे ते केले. आता नोटीस नाही. वेळ तेवढी उरली आहे.

त्यांच्या व माझ्या खोलीमधील भिंत एका विटेची आहे. मीच बांधवून घेतली, सबब तक्रार कोणाकडे करणार? मुद्दाम ऐकत नाही. पण माझ्या बाजूला दुसरा आवाज नसतो, म्हणून जो होतो तो ऐकू येतो. सुजित म्हणत होता, "बहात्तर तासाच्या आत म्हणून सांगितलंय. कालपासून धर. त्याच्यानंतर काही उपयोग नाही." त्याची पत्नी दीपमाला काही बोलली, ते लेकराच्या रडण्यात गेले. मग पुन्हा सुजित — "आबाला यातलं काही कळू देऊ नको बरं का!"

आबा म्हणजे त्याचे वडील, मारुतराव. परभणीकडे सहा एकर, सोयाबीन. काल तिकडे पाऊस झाल्याचे आजच्या वर्तमानपत्रात आहे. मला उलगडा झाला. पीक विम्याची सूचना नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत द्यावी लागते. उशीर झाल्यास दावा बाद! ग्रामपंचायतीच्या फलकावर हा नियम मी स्वतः दोनदा वाचला आहे.

आठ वाजून वीस मिनिटांनी दीपमालेस ओकारी झाली. मोरीत, दोन वेळा. काळजीने अन्न ठरत नाही, हे मी पुष्कळ घरांतून पाहिले आहे. ओव्याची पुडी त्यांच्या दारात ठेवली, कडी वाजवली व परत आलो.

पण मुलाने बापापासून नुकसान लपवावे काय? जमीन बापाची, पीक बापाचे! माझा मुलगा निरंजन हिंजवडीजवळ माणला राहतो. त्याची नोकरी मध्यंतरी पाच महिने नव्हती. मला सहाव्या महिन्यात कळले, तेही सूनबाईंच्या तोंडून सुटले म्हणून. "तुम्हाला उगाच ताप नको, नाना." म्हाताऱ्याचा ताप वाचवतात आणि त्यासोबत त्याचा हक्कही काढून घेतात.

मारुतरावांना कळलेच पाहिजे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊ. भाडेकराराच्या कागदावर मारुतरावांचा क्रमांक होता. फोन केला. नाव सांगितले, गाव सांगितले — चाकणजवळ, मेदनकरवाडी, आपल्या मुलाचा घरमालक. म्हणालो, "आपले नुकसान झाले आहे. मुले आपल्यापासून लपवीत आहेत. बहात्तर तास पुरे होण्याच्या आत सूचना द्या."

पलीकडून, "कसलं नुकसान? अहो, सोयाबीन कवाच काढून गंजी लावली. वर ताडपत्री हाय. माझ्या पोराला काय झालंय? खरं सांगा!"

मी पुन्हा सांगू लागलो. फोन बंद झाला.

काहीतरी चुकले आहे.

त्याच दिवशी, दुपारी तीन नंतर

लिहिण्यास हात होत नाही. तरी लिहितो.

अकरा वाजता दीपमाला माझ्या ओट्यावर आली. कडेवर नऊ महिन्यांची दीक्षा. पायांत चप्पल नाही. "नाना, कामून फोन लावला हो तुम्ही? सासऱ्याचा फोन आला. सासूबाई रडायल्यात. काय लपवायलाव, मनतेत. सांजच्या गाडीनं निघतो, मनतेत!"

मी विम्याचा नियम सांगितला. तिने पुरता ऐकून घेतला. मग हसली. ते हसणे चांगले नव्हते.

"पिकाचे बहात्तर तास न्हाईत ते! माझे हायेत! दिवस राहू नयेत मनून गोळी घेतली मी काल. झालं समाधान? आता जा — गावभर दवंडी द्या!"

तीच बोलत राहिली. हे लेकरू पोट चिरून झाले. टाके अजून ओढतात. डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की दोन वर्षे तरी दुसरे नको, आतली शिवण उसवली तर जिवावर बेतेल. आणि सासूबाईंना आताच नातू हवा आहे. गोळीचे त्यांच्या कानावर गेले तर, "मला जितं ठेवायच्या न्हाईत, नाना."

मी जमिनीकडे पाहत होतो. ओटा झाडायचा राहिला होता.

एवढ्यात आशा सेविका आल्या — आमच्याच गावच्या इंदुताई, लेकरांच्या डोसांची यादी घेऊन. त्यांनी एकीचे डोळे पाहिले व एकाची मान पाहिली. "काय झालं गं? नाना काय बोललं का तुला?" दीपमाला तिथेच बसली आणि त्यांना सर्व सांगू लागली. मी आत गेलो. दार लोटले. पण दारही माझ्याच पैशाचे, पातळ आहे.

"गोळी कवा घेतली?"

"काल. हे आले आन घेतली लगेच. उपाशीपोटी."

"मळमळलं? उलटी झाली?"

"झाली की."

"किती वेळानं? नीट आठव. दोन-तीन तासाच्या आत पडली आसंल तर ती गोळी वाया गेली समज. परत घ्यावी लागती."

"आठवंना हो, ताई. अर्धा तास... न्हाई, लेकरू निजलं होतं तवा... लई वेळ झाला होता का काय..."

"आसं कसं आठवंना? त्याच्यावर तर सगळं हाय!"

मी आतून म्हणालो, "एक तास पंधरा मिनिटे."

मग इंदुताई — "नाना! तुमी काय घड्याळ लावून बसला व्हता का काय?"

वही घेऊन बाहेर गेलो. कालचे पान दाखवले. दोन ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या, बाकीचे तळहाताने झाकले. सात वाजून पाच. आठ वाजून वीस. इंदुताईंनी वाचले आणि त्यांना हसू आवरेना. रडता रडता दीपमालेलाही आले. माझ्या अक्षराला आजवर कोणी हसले नव्हते. आज वाईट वाटले नाही.

इंदुताईंनी तिला सरळ विचारले, रविवारी कधी? मी वहीत डोके घातले. ती म्हणाली, सकाळी. इंदुताईंनी बोटांवर मोजले. "मग उद्या सकाळपत्तूर टाइम हाय. पर जितकी लवकर तितकं बरं." सरकारी गोळी त्यांच्या पिशवीतच होती. आधी काही खाऊन घे म्हणाल्या. माझ्याकडे सकाळची भाकरी व दूध होते. ते दिले. तिने मुकाट्याने खाल्ले.

बारा वाजून दहा मिनिटांनी गोळी घेतली. आता तीन वाजून वीस मिनिटे झाली. ओकारी नाही. मी घड्याळासमोर बसून होतो, हे कबूल करतो.

सायंकाळी

मारुतरावांचा फोन. ते बसस्थानकावर होते. खरे सांगणे शक्य नव्हते. म्हणालो, "चूक माझी. वर्तमानपत्रात वाचले आणि डोक्यात घोटाळा झाला. वय झाले आहे. मुले सुखरूप आहेत, आपण येऊ नये." ते म्हणाले, "अहो, आमचं काळीज थांबायची पाळी आली! डोकं ठिकाणावर नसंल तर फोन हातात घेऊ नये माणसानं!"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला कोणी असे बोललेले नाही. तहसीलदारसाहेबसुद्धा मला अर्जुनराव म्हणत.

ते घरी परतले.

२५ सप्टेंबर, बुधवार

इंदुताईंनी काल दीपमालेस ज्या गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेवतो. ती त्या वेळी डोळे पुसत होती; तिच्या ध्यानात किती राहिल्या असतील याची शंका आहे. इंदुताई भराभरा बोलतात, पण मी तलाठीसाहेबांचे तोंडी हुकूम ध्यानात ठेवलेला माणूस आहे.

गोळीने डोके दुखेल, मळमळेल, थकवा येईल. ते एक-दोन दिवसांत जाते. मधेच थोडे रक्त दिसले तर ती पाळी समजू नये. पाळी ठरल्या दिवसाच्या आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे येऊ शकते. त्याहून उशीर झाला, अथवा नेहमीपेक्षा फारच थोडी आली, तर दिवस राहिले की काय ते तपासावे. आणि काही झाले तरी गोळीपासून तीन आठवडे होऊनही पाळी नसेल तर तपासणी करावीच. ओटीपोटात एका बाजूला फार दुखले किंवा चक्कर आली तर वाट न पाहता दवाखाना. अंगावरच्या दुधास ही गोळी बाधत नाही. पुढे मुले न होण्याचाही प्रश्न नाही. हे दीपमालेने दोनदा विचारले, कोणी तरी तिला भीती घातलेली दिसते. आणि ही गर्भपाताची गोळी नव्हे. दिवस राहिलेले असतील तर ती काहीच करीत नाही. राहू नयेत एवढ्यासाठी आहे.

शिवाय ती झाल्या गोष्टीसाठी आहे, पुढच्यासाठी नव्हे. उद्या-परवाच पुन्हा धोका राहतो. सबब तांबी बसवावी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा, आणि तोवर सुजितने काळजी घ्यावयाची. नेहमी नेहमी हीच गोळी घेत बसणे हा उपाय नव्हे.

पाळी हा शब्द मी आयुष्यात प्रथमच लिहिला. पहिल्या वेळी अक्षर नीट आले नाही.

चोवीस सप्टेंबरपासून तीन आठवडे म्हणजे पंधरा ऑक्टोबर.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अविधवा नवमी. पत्नी सगुणेला जाऊन नऊ वर्षे झाली.

या दिवशी सवाष्ण जेवू घालावी लागते. दर वर्षी सूनबाई येतात. आज सकाळी विजयश्रीचा फोन — हिंजवडीत मीटिंग आहे, निघणे होत नाही, "नाना, ऑनलाइन डबा पाठवू का तुम्हाला?" मी म्हणालो, डबा मला नको आहे, सवाष्ण हवी आहे. मी उगाच बोललो.

भात, वरण, भाजी, खीर — सर्व मी रांधले. खीर थोडी लागली. पान वाढून बसलो. शेजारी विचारण्याचे धाडस झाले नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

एक वाजला. दारात सावली आली. दीपमाला, कडेवर दीक्षा. "वास आला खिरीचा. आज नवमी न्हाई का? सवाष्ण लागत असंल की. वाढा."

"तुम्ही रागावला आहात," मी म्हणालो.

"हाव, रागावलेच हाय. पण भूक लागली." बसली. पहिला घास घेतला. "खीर करपली, नाना."

"होय."

"आन मला तुम्ही-तुम्ही कामून करता? तुमच्या नातीएवढी हाय मी."

मी सांगितले, भाडेकरूस अहो-जाहो करावे अशी माझी पद्धत आहे. म्हणाली, "मग करा. मला तर बाई हसू येतं."

ओटी भरण्यास घरात खण नव्हता. सगुणेच्या पेटीतला काढून दिला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज कोणी आले नाही. कोणाशी बोलणे झाले नाही. दुधवाला पिशवी अडकवून जातो.

३० सप्टेंबर, सोमवार

अवघड प्रसंग!

सकाळी सुजित माझ्याकडे आला. आपण होऊन कधी येत नाही. चेहरा उजळलेला. "नाना, मिटलं सगळं! टेन्शन गेलं. तुमची लई मदत झाली." मी विचारले, काय मिटले? तो लाजला. "म्हणजे... आलं. कालपासून. थोडंच आहे, पण आलं."

थोडेच!

मी वही उघडली. तो उभा, मी खुर्चीवर. घसा साफ केला. म्हणालो, "सुजितराव, मधेच थोडे रक्त दिसले तर ती पाळी समजू नये." वाचूनच दाखवले, डोळे वर न करता. पुढले वाक्यही वाचले, आणि त्यापुढले, सुजितने घ्यावयाच्या काळजीचेही. वर पाहिले तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत. गरम लागत होते.

"नाना, हे तुम्ही लिहून ठेवलंय?"

"कोणी तरी ठेवले पाहिजे."

तो गेला. रात्री भिंतीपलीकडून दोघांचा हसण्याचा आवाज आला, मग तो थांबला. माणसाचे समाधान काढून घेण्याचे काम मी पूर्वीही केले आहे. नोटीस घेऊन गेलो की बायका दारातच रडू लागत. तेव्हा कागदावर दुसऱ्याची सही असे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसविले. परडीत काळी माती, पाच धान्ये, वर कलश. हात थरथरतात, थोडी माती सांडली.

रोज एक माळ चढवावी लागते. सगुणा ओवीत असे. तिच्यामागे मी ओवतो, पण सुईत दोरा जाण्यास अर्धा तास लागतो. गेल्या साली शेवटच्या चार माळा बाजारातून विकत आणल्या. देवीला ते कळले असणार.

दीपमाला दारातून पाहत होती. "आणा इकडं. माळ मी करीन रोज सकाळी. सात वाजता येते." मी मान्य केले. परंतु नियम सांगणे भाग होते. सांगितला. अडचणीच्या चार दिवसांत या घरात घटाजवळ येऊ नये, हे सगुणेच्या आधीपासून चालत आले आहे.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "बरं," म्हणाली.

झेंडू, पहिली माळ. पाच मिनिटांत ओवली.

नंतर ध्यानात आले. जेव्हा ती येणार नाही तेव्हा मला कळेल! विचारण्याची गरज उरली नाही. हे फार बरे झाले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी माळ. सात वाजता आली. ठरली तारीख आजची होती, इंदुताईंजवळ बोलताना मी ऐकले होते.

५ ऑक्टोबर, शनिवार

तिसरी माळ. आली.

दीक्षाने माझी काठी धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला. दोन वेळा पडली, रडली नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

चौथी माळ. सात वाजले, सव्वासात वाजले. मी उठून दारापर्यंत गेलो. मनात म्हणालो, सुटली! साडेसातला चपलांचा आवाज आला.

आली. तोंड उतरलेले. नेहमी खाली बसते, आज स्टूल मागितले. कंबर धरून बसली. माळ ओवताना दोनदा थांबली. मी विचारले, बरे नाही का? "काही न्हाई, नाना. कंबर भरून आली."

सगुणेचेही असेच होत असे, दिवस गेले की. कंबर आणि उतरलेले तोंड. मला काही सुधरेना. चहा केला, तिने अर्धाच घेतला.

निरंजनचा रविवारचा फोन आला. "काय विशेष, नाना?" म्हणालो, काही नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

पाचवी माळ. आली.

आज एक गोष्ट लिहितो, ती कोठेही लिहिलेली नाही.

शहात्तर साली कुटुंब नियोजनाच्या शिबिराची दवंडी मीच दिली. चौकात, वेशीत, वाडी-वस्तीवर, डफ वाजवून. "ऐका हो ऐका!" — दोन किंवा तीन पुरेत, सरकारी दवाखान्यात सोय केली आहे. आवाज माझा खणखणीत होता. त्या वेळी सगुणेची साडेतीन वर्षांत तीन बाळंतपणे झाली होती. पहिली दोन राहिली नाहीत. निरंजन वर्षाचा होता आणि ती उठताना भिंत धरीत असे. त्या संध्याकाळी मी डफ खुंटीला अडकवला. ती म्हणाली, "सगळ्या गावाला सांगून आलात?" मी म्हणालो, होय. ती आणखी काही म्हणण्यासाठी थांबली होती, की मी काही म्हणेन म्हणून? मी पाणी मागितले. तिने दिले.

पुढे तिला दिवस राहिले नाहीत. कसे राहिले नाहीत, तिने कोणाला विचारले, काय घेतले, मला माहीत नाही. चाळीस वर्षे एका घरात राहिलो.

९ ऑक्टोबर, बुधवार

सातवी माळ. आली.

ठरल्या दिवसास आज पाच दिवस झाले. वाटेत इंदुताई भेटल्या. मी म्हणालो, "शेजारी सर्व ठीक?" त्या म्हणाल्या, "ठीकच की, नाना. तुमचं काय? बीपी तपासलं का न्हाई?" बोलणे फिरवले. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट त्या मला सांगणार नाहीत. त्यांचे बरोबरच आहे. पण बोलणे फिरवतात याचा अर्थ काय?

मी देवीसमोर बसून काय मागतो ते लिहितो. तिने उद्या येऊ नये, असे मागतो. आणि सात वाजले की दाराकडे पाहतो. दिवसाकाठी तेवढे एक माणूस येते. माळ होईपर्यंत बोलते — कंपनीच्या बसचे, भाजीच्या भावाचे, सासूबाईंच्या तऱ्हांचे. मग जाते. मग दुसऱ्या दिवशीचे सात वाजेपर्यंत मी आणि घड्याळ.

तरी तिने येऊ नये.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

नववी माळ. आली. गाणे गुणगुणत होती. अजाण आहे, की धीर धरते आहे?

आठवडा संपला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. निरंजन, विजयश्री अर्धा तास येऊन गेले. चौकातल्या वाहतुकीची धास्ती, म्हणून चहाही उभ्यानेच. सोने दिले, पाया पडले. निरंजन म्हणाला, "माणला चला ना आमच्याकडे. इथं एकटे काय करता?" दर वर्षी म्हणतो. चपला घालता घालता म्हणतो.

शेजारची दोघे नमस्काराला आली. सुजितने वाकून पाया धरले. दीपमालाही वाकू लागली. मी म्हणालो, "वाकू नका!" जरा मोठ्याने बोललो असेन. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

१४ ऑक्टोबर, सोमवार

माळा संपल्या. सात वाजता कोणी येण्याचे कारण उरले नाही. तरी उठून बसलो होतो.

काल आणि आज भिंतीपलीकडे कान दिला. प्रथमच मुद्दाम दिला, हे लिहून ठेवतो. काही कळले नाही. लेकराला झोपविण्याचे बोल, भांडी, मोबाइल.

त्यांना तारखेचा विसर पडला असावा. तरुण माणसे, वाईट गोष्टीकडे पाहत नाहीत तोवर ती नाही असे समजतात. पण शिवण उसवण्याची गोष्ट आहे. जिवाची आहे. जेवढ्या लवकर कळेल तेवढे डॉक्टरांच्या हातात राहील. मी नाही सांगितले तर कोण सांगणार? वही माझ्याकडे आहे.

उद्या विचारतो. वाक्य तयार केले आहे. चार वेळा लिहून पाहिले, तीन खोडले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी साडेसातला टोपी घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "आज तीन आठवडे पूर्ण होतात. तपासणी करून घ्यावी."

दीपमाला लेकराला भरवीत होती. चमचा तसाच हातात राहिला. "कसली तपासणी, नाना? मला चौथ्या माळेलाच आली की. चांगली नेहमीसारखी, चार दिवस. इंदुताईला तवाच सांगितलं."

मी दाराची चौकट धरली.

"चौथ्या माळेला तू आली होतीस," मी म्हणालो. "पाचवीला आलीस. सहावीला, सातवीला आलीस."

"हाव. आलते."

"नियम सांगितला होता."

"सांगितला होता." तिने लेकराचे तोंड पुसले. "पण मी नसते आले तर दिवसभरात तुमच्याकडं कोण आलं असतं, नाना?"

खरे आहे. कोणी आले नसते.